मला फरक ऐकू येत नाही

"ताई, स्पीकरच्या वायरवर लेख? चळवळीतले विषय संपले का?" हा लेख लिहितेय असे सांगितल्यावर एका सहकाऱ्याने मला हसतच विचारले. प्रश्न रास्त आहे. स्कॉलरशिप रखडल्या आहेत, कंत्राटीकरण चालू आहे, अत्याचाराच्या बातम्या थांबत नाहीत. त्यात वायर कुठून आली?

ती आमच्या घरातून आली. गेल्या पावसाळ्यात नऊ हजार सहाशे रुपयांच्या वायरीवरून आम्हा बहीण-भावात तीन आठवडे वाद चालला. त्या वादात शुद्ध-अशुद्ध आले, अधिकार आला, मेरिट आले, आणि शेवटी पप्पांच्या कानांचा प्रश्न आला. म्हणून लिहिते आहे. ज्यांना फक्त उत्तर हवे आहे त्यांच्यासाठी आधीच सांगते : वायर पुरेशी जाड असेल, जोड घट्ट असतील, तर त्यापुढे वायरीवर टाकलेला प्रत्येक रुपया आवाजासाठी नसतो. तो कशासाठी असतो, हे सांगायला उरलेला लेख आहे.

पप्पांनी भोसरी एमआयडीसीतल्या एका प्रेस शॉपमध्ये एकोणतीस वर्षे काम केले, त्यातली बहुतेक कंत्राटी. पण दापोडीच्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत टेपरेकॉर्डर मात्र पहिल्यापासून होता. रविवारी सकाळी आधी त्रिसरण-पंचशील, मग वामनदादा कर्डकांची गाणी, मग प्रल्हाद शिंदे. कॅसेटची फीत तुटली की पप्पा ती नेलपॉलिशने चिकटवायचे. मी वाचायला शाळेत शिकले, पण बाबासाहेब पहिल्यांदा ऐकले ते त्या टेपवर.

पप्पा निवृत्त झाले तेव्हा धाकट्या भावाने त्यांच्यासाठी बावीस हजारांत एक जुना अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन मध्यम आकाराचे स्पीकर आणले. सगळ्या कॅसेट पेनड्राइव्हवर उतरवून घेतल्या. भाऊ आयटीत आहे, घरातला पहिला महिना लाखाच्या जवळपास कमावणारा माणूस. त्याने मनापासून केले. पण आवाज काही जमेना. ढोलकी पत्र्यावर वाजवल्यासारखी यायची. पप्पा तक्रार करत नव्हते, पण हळूहळू ऐकणे कमी झाले होते.

भाऊ एका मोठ्या ऑडिओ शोरूममध्ये गेला. मीही सोबत होते. तिथल्या विक्रेत्याने स्पीकरबद्दल फारसे विचारलेच नाही. पहिला प्रश्न, "वायर कुठली लावलीय?" भावाने सांगितले, जुन्या सेटबरोबर आली होती तीच. विक्रेता हसला. त्या हसण्यात जे होते ते आपल्यातल्या प्रत्येकाने कॉलेजच्या पहिल्या वर्षी कुणाच्या ना कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेले आहे.

मग त्याने काचेच्या कपाटातून वायर काढली. निळसर वेष्टन, टोकांना सोनेरी पिना, वर बाण काढलेला. आवाज कुठून कुठे जायला हवा ते दाखवणारा बाण. मीटरला बाराशे रुपये. आम्हाला आठ मीटर लागणार होती. "हे ऑक्सिजनविरहित तांबं आहे, सर. शुद्धता पाच नऊ. म्हणजे नव्व्याण्णव पॉइंट नऊशे नव्व्याण्णव. साध्या तांब्यात अशुद्धी असते, आवाज मळतो." आणि वर हेही, की वायर लगेच खुलत नाही, शंभर तास वाजवून मुरवावी लागते. मला अकरा गुरुवारांचे व्रत आठवले.

मी विचारले, "फरक ऐकू येईल का?" विक्रेता माझ्याकडे न बघता भावाला म्हणाला, "तयार कान असेल तर लगेच येतो, सर. सगळ्यांनाच येतो असं नाही."

त्या एका वाक्याने वायर विकली गेली. तीन हजार आगाऊ देऊन, पंधरा दिवस घरी ऐकून बघायच्या बोलीवर भावाने ती आणली. दुकानाचा माणूस येऊन जोडूनही गेला.

आता मला एक कबुली द्यायची आहे. ती वायर लावल्यावर पहिले गाणे वाजले, तेव्हा मलाही फरक ऐकू आला. थोडाथोडका नाही, मोठा फरक. ढोलकी भरून आली, गाणारा माणूस दोन स्पीकरच्या मधोमध येऊन उभा राहिला. भाऊ विजयी चेहऱ्याने म्हणाला, "बघ ताई. तुझं समाजशास्त्र इथं चालत नाही. मी माझ्या कानांनी ऐकलं."

"मला अनुभव आला." हे वाक्य आपण कामाच्या निमित्ताने किती वेळा ऐकतो! अंगारा लावल्यावर ताप उतरला, गंडा बांधल्यावर नोकरी लागली, बाबाच्या पाया पडल्यावर पोरगा दारूतून सुटला. अनुभव खोटा नसतो. ताप खरेच उतरलेला असतो. खोटे असते ते कारण. ताप तीन दिवसांत उतरणारच होता, किंवा सोबत गोळीही घेतलेली होती. मग त्याच न्यायाने मला स्वतःला विचारणे भाग होते : इथे गोळी कोणती?

दुसऱ्या दिवशी जुनी वायर कचऱ्यातून काढून पाहिली. तीन गोष्टी सापडल्या. एक, ती शिवणदोऱ्यापेक्षा थोडी जाड होती, आतले तांबे जेमतेम ०.२ चौरस मिलिमीटर. दोन, टोके काळी पडली होती आणि जोड ढिले होते. तीन, आणि हे महत्त्वाचे, दोन्ही बाजूंचा रंग सारखाच असल्याने भावाने एका स्पीकरला उलटी जोडली होती. एक पडदा पुढे येताना दुसरा मागे जात होता. अशा वेळी खोल आवाज एकमेकांना मारतात, ढोलकीचा दम जातो, आणि गाणारा मधोमध न राहता कुठेतरी विरून जातो. कुठल्याही साउंडवाल्या पोराला हे ठाऊक असते.

म्हणजे दुकानाच्या माणसाने एका दमात चार गोष्टी बदलल्या होत्या. वायर जाड केली, जोड घट्ट केले, उलटी जोडणी सुलट केली, आणि शुद्ध तांबे आणले. सुधारणा झाली. श्रेय मात्र एकट्या शुद्ध तांब्याला मिळाले.

मित्रहो, हे ओळखीचे वाटते का? दोन मुले परीक्षेला बसतात. एकाच्या घरात तीन पिढ्यांची पुस्तके, शिकवणी, शांत खोली, इंग्रजी बोलणारी आई. दुसऱ्याच्या घरात पत्र्याची खोली आणि पहाटे पाण्याची रांग. पहिल्याला जास्त मार्क पडतात. सुलट जोडणी कुणाला दिसत नाही, जाड वायर कुणाला दिसत नाही. दिसते ते फक्त तांबे, आणि मग सांगितले जाते की तांबेच मुळात शुद्ध आहे. मेरिटचा सगळा वाद याच चुकीवर उभा आहे. चार गोष्टी एकदम बदललेल्या असताना मनाला हवी ती एक उचलायची आणि तिला कारण म्हणायचे. एम.ए.ला आम्हाला संशोधन पद्धती शिकवताना सरांनी पहिल्याच तासाला सांगितले होते, तुलना करायची तर एका वेळी एकच गोष्ट बदला.

म्हणून मी तापकीर गल्लीत गेले. पुण्यातल्या ज्यांना सुट्या भागांची कामे पडतात त्यांना ही गल्ली सांगायला नको. घराच्या वायरिंगला वापरतात ती बहुतारी तांब्याची दीड चौरस मिलिमीटरची वायर घेतली, लाल आणि काळी. प्रत्येक स्पीकरला चार-चार मीटर, दोन रंग, एकूण सोळा मीटर. साडेचारशे रुपये. दुकानदाराने एकच गोष्ट बजावली, "स्वस्तात स्पीकर वायर म्हणून मिळते ती घेऊ नका मॅडम, आत ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा असतो." तो खरे बोलत होता. ॲल्युमिनियम तांब्याच्या साधारण साठ टक्केच वीज वाहून नेते, आणि टोकाशी लवकर तुटते.

आता थोडे गणित. घाबरू नका, दहावीचेच आहे. एक चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध मीटरमागे सुमारे ०.०१७ ओहम. वीज जाते आणि परत येते, म्हणून चार मीटरची वायर म्हणजे आठ मीटर धरायची. दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीत हा रोध होतो सुमारे ०.०९ ओहम. आमचा स्पीकर आठ ओहमचा. या वायरीत आवाज कमी होतो तो ०.१ डेसिबल. शोरूमची वायर चार चौरस मिलिमीटर जाडीची, तिच्यात कमी होतो ०.०४ डेसिबल. दोघींतला फरक ०.०६ डेसिबल. माणसाच्या कानाला साधारण एका डेसिबलचा बदल जाणवतो. शांत खोलीत, लगेच अदलाबदल करून ऐकवले तर त्याहून थोडा कमीही जाणवतो. पण ०.०६ म्हणजे मान इंचभर हलवली तरी त्याहून जास्त फरक पडतो.

जुन्या वायरीचे गणित मात्र वेगळे. तिचा रोध ०.७ ओहमच्या आसपास, आणि तिच्यात ०.७ डेसिबल जात होते. शिवाय स्पीकरचे आठ ओहम हे नावापुरते असतात, प्रत्यक्षात स्वर बदलेल तसा तो आकडा वरखाली होतो. त्यामुळे बारीक वायरीत काही स्वर जास्त दबतात, काही कमी. म्हणजे ती बदलणे योग्यच होते. वायरीला काहीच महत्त्व नाही असे मी म्हणत नाही. जाडीला आहे, लांबीला आहे, जोडाला आहे.

आणि शुद्धता? घरातल्या साध्या वायरीचे तांबेही ९९.९ टक्के शुद्ध असते. ऑक्सिजन काढून टाकलेले तांबे त्याच्यापेक्षा जेमतेम एक टक्का जास्त वीज वाहते. निर्वात नळ्यांसारख्या काही विशेष कामांत त्याची खरी गरज असते. गाण्यासाठी तो एक टक्का भरून काढायचा तर वायर आठ सेंटिमीटर कमी करा, झाले.

हे सगळे मी भावाला कागदावर मांडून दाखवले. तो म्हणाला, "कागद काय, कान महत्त्वाचे." हे मात्र त्याचे बरोबर होते. कागदावरून मान्य करायचे नाही, हेच तर तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना सांगितले. परंपरेने आले म्हणून नाही, ग्रंथात आहे म्हणून नाही, सांगणारा मोठा आहे म्हणून नाही. पण आपण कालाम सुत्ताचा एक अर्धा भाग नेहमी विसरतो. पटतेय म्हणून, वाटतेय म्हणूनही मान्य करायचे नाही. स्वतःच्या मनालाही सवलत नाही. धम्म एहिपस्सिको आहे, ये आणि बघ. मी म्हटले, चल, डोळे बांधून ऐकू.

आमच्या अ‍ॅम्प्लिफायरला स्पीकर जोडायला 'ए' आणि 'बी' अशा दोन जागा आहेत. एकीला महागडी वायर लावली, दुसरीला साडेचारशेची, आणि दोन्हींची दुसरी टोके त्याच स्पीकरना. म्हणजे एक बटण दाबले की वायर बदलते, बाकी काही बदलत नाही. कोणती वायर कुठे आहे हे माझ्या आईने जोडले आणि चिठ्ठीवर लिहून डब्यात ठेवले. बटणापाशी बसली माझी दहा वर्षांची भाची. तिने नाणे उडवायचे, छापा आला तर 'ए', काटा आला तर 'बी', आणि वहीत लिहायचे. तिला स्वतःला कुठली वायर महाग हे माहीत नव्हते. दर वेळी आधी दोन्ही बटणे बंद करून मगच एक लावायचे, म्हणजे 'टक' आवाजावरून कळू नये. ऐकणाऱ्याने आधी 'ए' आणि 'बी' हवे तितके ऐकायचे, मग तिसऱ्यांदा जे वाजेल ते दोघांपैकी कोणते, एवढेच सांगायचे. सोळा वेळा. नुसते अंदाजपंचे सांगितले तर सोळापैकी आठच्या आसपास बरोबर येणार. बारा किंवा जास्त बरोबर यायची शक्यता शंभरात चारच. म्हणून ठरवले, बारा आले तर वायर ठेवायची. ही अट चाचणीच्या आधी ठरवली, नंतर नाही.

मी बसले. सात बरोबर. भाऊ बसला. पहिल्या तीन वेळा त्याने ठामपणे सांगितले. चौथ्यापासून आवाज हळू झाला. दहाव्याला म्हणाला, "आत्या-भाची मिळून फसवताय का मला?" भाची रडवेली झाली. शेवटी नऊ बरोबर.

असा प्रयोग मोठ्या पैजेवर व्हायची वेळ जगात एकदा आली होती. २००७ साली अमेरिकेत जेम्स रँडी यांनी आव्हान दिले की ७,२५० डॉलरची स्पीकर वायर साध्या चांगल्या वायरीपासून डोळे बांधून ओळखून दाखवा आणि दहा लाख डॉलर घेऊन जा. हे तेच रँडी, जे चमत्कार करणाऱ्यांना तेवढ्याच रकमेचे आव्हान द्यायचे. एक नामांकित ऑडिओ समीक्षक तयारही झाला होता. पण वायर बनवणाऱ्या कंपनीने माघार घेतली आणि चाचणी झालीच नाही. आपल्याकडे अब्राहम कोवूर यांच्या एक लाखाच्या आव्हानाची गोष्ट अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणाऱ्यांना पाठ आहे. त्या दोन्ही आव्हानांची तऱ्हा सारखीच. चमत्कार खोलीत होतो, परीक्षेच्या टेबलावर होत नाही.

चाचणीनंतर भाऊ रात्री गच्चीवर बसला होता. मला वाटले रागावला असेल. तो म्हणाला, "ताई, तुला एक खरं सांगू? दुकानात त्यानं दोन वायरी लावून ऐकवल्या ना, तेव्हाच मला काही कळलं नव्हतं. पण त्यानं विचारलं, 'आला ना फरक, सर?' आणि मी म्हणालो, हो."

"का म्हणालास?"

"मग काय म्हणू? माझे कान तयार नाहीत?"

या लेखात मला जे सांगायचे आहे ते इथे आहे.

"सगळ्यांनाच ऐकू येत नाही" या वाक्यात एक जुनी युक्ती आहे. या वाक्याला कुठलीही चाचणी लागू होत नाही. फरक ऐकू आला तर वायर श्रेष्ठ. नाही आला तर तुम्ही कनिष्ठ. वस्तू नापास होऊच शकत नाही, नापास होतो तो माणूस. आपल्या पूर्वजांना हजारो वर्षे हेच सांगितले गेले. मंत्राचा परिणाम होत नसेल तर मंत्रात खोट नाही, तुला अधिकार नाही. जिथे अधिकार हा शब्द येतो तिथे तपासणी संपते. आणि जिथे तपासणी संपते तिथे मधल्या माणसाचे दुकान चालू होते. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला तो माणूस आणि निर्मिक यांच्यातला हा मधला दलाल काढून टाकायला. इथे दलाल माणूस आणि त्याच्या स्वतःच्या कानाच्या मध्ये येऊन बसला आहे.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बूर्दिय यांनी १९७९ साली अभिरुचीवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की आवड ही नुसती आवड नसते, ती आपण कुठल्या वर्गातले हे सांगणारी खूण असते, आणि वरचा वर्ग त्या खुणेने खालच्याला दाराबाहेर ठेवतो. आपल्याकडे त्याला जातीची जोड आहे. त्या काचेच्या कपाटात वायरींची उतरंड होती. सगळ्यात खाली एक, तिच्यावर दुसरी, तिच्यावर चांदीचा मुलामा असलेली, सगळ्यात वर एक जिची किंमत लिहिलेलीच नव्हती. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले तिचे बळ यातच आहे. प्रत्येक पायरीवरच्याला वर बघून कमीपणा वाटतो, पण खाली बघून समाधानही मिळते, म्हणून उतरंड मोडायला कुणी उठत नाही. आणि ती सगळी उतरंड कशावर उभी? शुद्धतेवर. माणसांची उतरंड ज्या शब्दावर रचली गेली, त्याच शब्दावर आज तांब्याची रचली जाते. शब्द तयार होता, दुकानदाराला नवा शोधावा लागला नाही.

पण भावाचीही बाजू आहे आणि ती मी हलकी समजत नाही. वादाच्या पहिल्याच दिवशी तो म्हणाला होता, "आपण कायम दुसऱ्यांनी टाकलेलं वापरलं. उतरलेले कपडे, जुनी पुस्तकं, शिळं अन्न. आता मी कमावतो, तर पप्पांसाठी सगळ्यात भारी वायर का नाही आणायची? आपण काय गरिबीचीच आरती करायची?"

या प्रश्नाला "तेवढ्या पैशात अभ्यासिकेची पुस्तके आली असती" असे उत्तर देणे सोपे आहे. मी ते दिले नाही, कारण ते अप्रामाणिक आहे. आपल्या माणसाने एक चांगली वस्तू घेतली की लगेच त्याला समाजाचा हिशोब विचारायचा, ही आपल्यातल्या कार्यकर्त्यांची खोड आहे. बाबासाहेब उत्तम शिवलेला सूट घालत. राजगृह त्यांनी पुस्तकांसाठी बांधले. उतारवयात ते व्हायोलिन शिकत होते. सुंदर आणि उत्तम गोष्टींवर आपला पूर्ण हक्क आहे. गाणे चांगले ऐकू येणे ही चैन नाही, आमच्या घरात तर ते शिक्षण होते.

माझे म्हणणे वेगळे आहे. उत्तमावर हक्क सांगायचा तर उत्तम कोणते हे ठरवायचा हक्कही आपल्याकडेच हवा. ते ठरवणे दुकानदारावर सोपवले तर आपण वस्तू विकत घेत नाही, प्रवेशपत्रिका विकत घेतो. भावाने नऊ हजार सहाशे मोजायची तयारी दाखवली ती आवाजासाठी नव्हती. "यांचे कान तयार नाहीत" हे पुन्हा ऐकावे लागू नये म्हणून होती. ही भीती त्याची एकट्याची नाही. आपल्या पहिल्या पिढीच्या शिकलेल्या, कमावत्या पोरांच्या खिशावर ही भीती बसलेली आहे. महागडे लग्न, महागडी शाळा, महागडा फोन. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी हसून विचारतो, फरक कळतो ना, सर?

दुसऱ्या रविवारी आम्ही दोघे शोरूममध्ये गेलो. भावाने वायर काउंटरवर ठेवली. विक्रेता म्हणाला, "शंभर तास वाजवली का? कान तयार व्हायला वेळ लागतो." भाऊ सरळ त्याच्याकडे बघून म्हणाला, "मला फरक ऐकू येत नाही. सोळा वेळा डोळे बांधून ऐकलं. तुम्ही बसा, मी बटण दाबतो." विक्रेता बसला नाही. थोड्या कुरबुरीनंतर आगाऊ पैसे परत मिळाले. दुकानातून बाहेर पडताना भाऊ जरा ताठ चालत होता, असे मला वाटले. आता हे डोळे बांधून तपासलेले नाही, सोडून द्या.

एक गोष्ट राहिली. चाचणीच्या दिवशी पप्पाही हौसेने बसले होते. तीनदा ऐकले आणि म्हणाले, "पोरांनो, मला दोन्ही सारखंच. अन् खरं सांगू का, या गाण्यात मागं झांज आहे असं तुम्ही म्हणता. ती मला कधीचीच ऐकू येत नाही."

आम्ही दोघे एकमेकांकडे बघत राहिलो. दोन आठवडे आम्ही ०.०६ डेसिबलवर भांडत होतो आणि ज्याच्यासाठी भांडत होतो त्या माणसाला झांजच ऐकू येत नव्हती. सरकारी रुग्णालयात कानाची तपासणी केली. आलेखावर ४,००० हर्ट्झच्या जवळ दोन्ही कानांत खोल खड्डा. डॉक्टरांनी एकच विचारले, "काम काय करायचे?" यंत्रांच्या आवाजात वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांच्या कानाचा आलेख असाच दिसतो. आतल्या कानातल्या नाजूक पेशी मरतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत.

कारखान्यात आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा धरली जाते. आवाजाने येणारे बहिरेपण कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या परिशिष्टात नोंदवायच्या आजारांत होते, आणि कामगार नुकसानभरपाई कायद्यातही तो व्यवसायजन्य आजार होता. पप्पांना एकोणतीस वर्षांत कुणी कानात घालायचे बोळेसुद्धा दिले नाहीत. ते कापूस घालायचे. त्यांनी कधी सांगितले नाही, कारण त्यांनाही तीच लाज. ऐकू येत नाही म्हटले तर कामावरून काढतील.

"मला ऐकू येत नाही." बाप हे वाक्य नोकरीच्या भीतीने बोलला नाही, मुलगा हिणवले जाण्याच्या भीतीने बोलला नाही. दोन पिढ्यांना हे एक वाक्य बोलता आले असते, तर एकाचे पैसे वाचले असते आणि एकाचे कान.

म्हणून कार्यकर्त्यांना तीन कामाच्या गोष्टी सांगते.

पहिली, घरी गाणे ऐकणाऱ्यांसाठी. चार-पाच मीटर अंतराला दीड चौरस मिलिमीटरची खऱ्या तांब्याची वायर पुरे. लाल लालला, काळी काळीला. टोके स्वच्छ, जोड घट्ट. उरलेले पैसे स्पीकरवर घाला, किंवा काहीच घालू नका. स्पीकर भिंतीच्या कोपऱ्यातून थोडे पुढे घ्या, समोरच्या उघड्या भिंतीवर जाड चादर किंवा पुस्तकांची मांडणी लावा. आमच्या खोलीत बाबासाहेबांच्या खंडांचे कपाट समोरच्या भिंतीला हलवले आणि घुमणे कमी झाले. हा फरक भाचीलाही ऐकू आला.

दुसरी, विहारांसाठी. तिथे वायर खरेच महत्त्वाची. स्पीकर तीस मीटरवर असेल तर जाऊन-येऊन साठ मीटर. एक चौरस मिलिमीटरची बारीक वायर टाकली तर चार ओहमच्या स्पीकरला पोचणारी ताकद तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घटते. चार चौरस मिलिमीटरची टाकली तर आठव्या हिश्श्याच्या आसपास. वंदना मागच्या रांगेतल्या आज्जींना ऐकू यायला हवी असेल तर जाड वायर घ्या. पण घराच्या वायरिंगचीच, काचेच्या कपाटातली नाही.

तिसरी, वस्तीसाठी. प्रेस, फोर्जिंग, लूम, बॉयलर अशा ठिकाणी काम केलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांची कानाची तपासणी करून घ्या. जयंतीला डीजेसमोर चार तास उभ्या राहणाऱ्या पोरांचीही. पुढच्या महिन्यात आम्ही दापोडीत असे शिबिर घेण्याच्या तयारीत आहोत. तपासणीचे कागद जपून ठेवा, कायद्याने भरपाई मागता येते ती कागदावरच.

पप्पांना आता दोन्ही कानांना यंत्र लावले आहे. वायरीचे वाचलेले पैसे त्यात गेले, वर भावाने आणखी घातले. यंत्राने सगळे परत येत नाही, डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. पहिल्या रविवारी पप्पांनी तेच गाणे लावले, साडेचारशेच्या वायरीवर. मध्येच थांबवले, मागे घेतले, पुन्हा लावले.

"ही झांज," ते म्हणाले, "कॅसेटमध्ये पण होती का रे?"

"होती पप्पा," भाऊ म्हणाला. "पहिल्यापासून होती."

जय भीम.